चाळीस जणी आणि एक बस

जितेंद्र सरांनी बारा डिसेंबर दिली. आठ दिवसांनी देवाने अकरा ते चौदा दिली. दोघांपैकी एकानेही मला विचारलं नाही.

जितेंद्र सर म्हणजे आमच्या कंपनीचे माणसांचे साहेब. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, कोणाची रजा कापायची, सगळं त्यांच्या हातात. आणि देव म्हणजे आमच्या पेंडवण्याचा ग्रामदेव. त्याने कौल दिला की गावपळण. दर तीन-चार वर्षांनी अख्खा गाव घरांना कड्या घालतो आणि व्हाळापलीकडे निघून जातो. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. व्हाळ म्हणजे आमच्या गावाची हद्द, गुडघाभर पाण्याचा ओढा. त्याच्या पलीकडच्या माळावर खोपी घालायच्या आणि तीन रात्री तिथे काढायच्या. तेवढ्या दिवसांत गावात कोणी पाऊल टाकायचं नाही. चौथ्या दिवशी देवाला पुन्हा विचारायचं, आणि तो हो म्हणाला की परत. का करतात म्हणून विचाराल तर दहा म्हातारे दहा गोष्टी सांगतील. माझी सासू म्हणते, माणसांचा गावाला कंटाळा येतो तसा गावालाही माणसांचा येतो.

मी सरांना फोन लावला.

"सर, बाराला आमचा गाव रिकामा असणार."

"रिकामा म्हणजे?"

"गावात माणूस नसतं. गावपळण आहे."

"मग असतात कुठे? मुंबईला?"

"नाही सर. व्हाळापलीकडे. पाचशे पावलांवर."

मग म्हणाले, "विनीता, सगळं ठरलंय. बायकांची परीक्षा बाराला तुमच्याकडे, चौदाला बेळगाव, सोळाला कोल्हापूर. तुमच्या देवाकडे तारीख बदलून माग."

"त्याच्याकडे मागून बघितली सर. म्हणून तर तुमच्याकडे आले."

फोन ठेवला त्यांनी.

मी गेली चौदा वर्षं गोव्यात वायरी बांधते. गाडीचं बॉनेट उघडलंत तर आत वायरींची जाड वेणी दिसेल, तिला ठिकठिकाणी फांद्या फुटलेल्या. तिला हार्नेस म्हणतात. लोकांना वाटतं यंत्र करतं. यंत्र नाही करत, बाई करते. आठ तास उभी राहून, बोटांनी. दाराएवढी फळी असते, तिच्यावर खुंट्या मारलेल्या, आणि त्या खुंट्यांमधून वायर फिरवायची, वळवायची, टेपने बांधायची. त्या फळीला आम्ही बोर्ड म्हणतो. वायर बांधायला शिकलेल्या बायका मिळतात. बोर्ड मांडणारी मिळत नाही. कुठली खुंटी कुठे, कुठली फांदी किती लांब, वळण किती आवळायचं, हे नकाशावरून फळीवर उतरवणं म्हणजे बोर्ड मांडणं. त्यात अर्ध्या बोटाची चूक झाली की पुढच्या हजार गाड्या चुकल्या. आमच्या कंपनीत अशा तिघी होत्या. एक लग्न होऊन पुण्याला गेली. रसिका शेजारच्या औषधांच्या कंपनीत गेली, कारण तिथे बसायला स्टूल देतात. उरले मी.

एका खोलीत चौघी राहतो. नवरा बोटीवर खलाशी, दहा महिने पाण्यात. मी पहिल्यांदा गोव्याची एसटी पकडली तेव्हा आमची रिया पाच वर्षांची होती. आता एकोणीसची आहे. तिला पहिल्यांदा पाळी आली ती मला फोनवर कळली, आणि तेव्हा मी एका डिझेल गाडीच्या हार्नेसला टेप गुंडाळत होते. एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं सांगायला नको.

म्हणून मार्चमध्ये मालक आमच्या लाइनवर येऊन म्हणाले की इथे जागा महाग, माणसं टिकत नाहीत, कंपनी हलवायचा विचार आहे, जिथे हात असतील तिथे जाऊ, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या गावात आहेत."

मालक हसले. "किती?"

"किती हवेत?"

"चाळीस दाखव. वायर हातात दिली की पहिल्या फटक्यात हार्नेस बांधणाऱ्या चाळीस. मग बघू."

ते 'मग बघू' मी कानाआड केलं. तिथेच चुकले.

ऑगस्टमध्ये जितेंद्र सर फॉर्म घेऊन गावात आले. कोणाला काय येतं त्याची नोंद करायला. शाळेच्या ओट्यावर बसले, बायका एकेक करून समोर.

"काय काम येतं?"

"काय येणा नाय."

"शिक्षण?"

"सातवी. काय येणा नाय ओ माका. घरीच आसतंय."

साठ फॉर्म, साठांवर एकच उत्तर. काशीबाईसुद्धा तेच बोलली! ही बाई तीस वर्षं काजूच्या कारखान्यात. डोळे मिटून मूठभर गर हातात घेते आणि बोटांनीच सांगते यातला पहिल्या प्रतीचा कुठला, तुकडा कुठला. मथुरा जाळी विणते, फाटलेलं जाळं शिवते. तिची गाठ सुटत नाही आणि हाताला बोचतही नाही. आणि ही म्हणते काय येणा नाय! आमच्याकडे बाईने मला अमुक येतं असं तोंडाने म्हणणं म्हणजे मिजास. सर निघाले तेव्हा साठही फॉर्मवर त्यांनी 'अकुशल' लिहून टाकलं होतं. मी एसटी स्टँडपर्यंत त्यांच्या मागे गेले. म्हटलं, कागदावर जाऊ नका, तीन महिने द्या आणि हात बघा.

त्या तीन महिन्यांत मी एक रविवार झोपून काढला नाही. शाळेत अकरा मुलं उरलीत, एक वर्ग रिकामा. कंपनीतले आठ जुने, काढून टाकलेले बोर्ड मी एसटीच्या टपावर टाकून आणले आणि त्या वर्गात उभे केले. भंगारातली वायर आणली. चाळीस बायका, एका बोर्डावर पाच. पहिल्या रविवारी मथुरा म्हणाली, "ही वायर म्हणजे जाळ्याची दोरी, पण रंग लावन सजवल्लेली." तिसऱ्या रविवारी ती माझ्यापेक्षा वेगाने बांधत होती. आमच्या कंपनीत नवी मुलगी तयार व्हायला सहा महिने लागतात. या नऊ रविवारांत तयार झाल्या. आणि ते शिकवणं कंपनीला फुकट पडलं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मला फक्त माझं घर दिसत होतं.

रियासुद्धा त्या चाळिसांत होती. तिचा हात माझ्यासारखा आहे, खोटं कशाला बोलू, माझ्याहून बरा आहे.

अकरा तारखेला दुपारी मी रजा टाकून पोचले तेव्हा गाव अर्धा पलीकडे गेला होता. निलेशचा टेंपो फेऱ्या मारत होता. मी त्याला आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं, आदल्या रविवारी पुन्हा सांगितलं होतं, आठ बोर्ड शाळेतून उचल आणि माळावर उतरव, बाराला परीक्षा तिथेच घेऊ. व्हाळाबाहेर देवाची हरकत नसते. वायर सर आणणार होते. बोर्ड तेवढे हवे होते.

चार वाजता हद्दीवर ढोल वाजला. ढोल वाजला की व्हाळ बंद. मी माळावर बोर्ड शोधत फिरले. गवताच्या पेंढ्या दिसल्या, जनरेटर दिसला, दोन माणसांएवढे स्पीकर दिसले.

"निलेश, बोर्ड खंय?"

निलेश टेंपोखाली काहीतरी बघत असल्याचं नाटक करत होता.

"निलेश!"

"वयनी, चार फेऱ्यो झाल्यो. गुरांचा गवत, जनरेटर, भजनाची पेटी, नाटकाच्या मंडपाच्यो फळयो. पाचवी फेरी तुमच्या बोर्डांचीच होती. तेवड्यात ढोल वाजलो."

"स्पीकर आधी नि बोर्ड मागसून?"

"पोरां आयकाक तयार नाय ओ."

मी सरळ व्हाळाकडे चालत सुटले. शाळा तिथून दिसते. कौलं दिसतात, खिडकी दिसते. एक पाय पाण्यात घातला तेवढ्यात गुरुदासकाका समोर आले. ते मानकरी, देवाला गाऱ्हाणं घालतात.

"विनीता, पाय मागे घे गो."

"काका, धा मिनटांचा काम आसा."

"शाळा दिसता म्हणान जावक मेळणा नाय."

"तुमचो पोरगो मुंबयसून इलो. तो काय इसारलो आसतो तर तेका सोडल्यात नसतो?"

"तो फोनाचो चार्जर इसारलो आसा. थंयच आसा चार्जर. ढोल वाजल्यापासून माका शिव्या घालता."

मागे दोन-चार जण हसले. मला हसू येईना. माझा एक पाय गार पाण्यात होता आणि डोक्यात आग. चौदा वर्षं तिकडे खपायची आणि माझं घर परत यायचं कशावरून अडणार, तर भजनाच्या पेटीवरून?

सासू हौसाबाई काठी टेकत आली. मोठ्याने बोलली नाही. "जा तू. कोण अडवता तुका? आठय बोर्ड घेवन ये. पण मगे तेंका हात कोण लावतला? ह्या चाळीस जणी? एक पण लावची नाय. हंय बसान बघ हवी तर."

म्हातारी खरं बोलत होती, त्याचाच जास्त राग आला. मी त्या चाळीस जणींकडे वळून बघितलं. कोणी माझ्याशी नजर भिडवेना. रियासुद्धा नाही.

मग मथुरा खोपीतून बाहेर आली. हातात कोयता, बांबू तासत होती.

"बोर्ड म्हणजे काय गो? फळी नि खिळे ना? फळयो हंय आसत." तिने कोयत्यानेच मंडपाकडे बोट केलं. दुसऱ्या दिवशीच्या दशावतारासाठी पोरांनी मंच उभा केला होता. चांगल्या रुंद, रंधा मारलेल्या फळ्या.

निलेश धावत आला. "वयनी, उद्या त्येच्यार नाटक आसा!"

"नाटक जमनीर करा."

"राजा जमनीर नाचतलो?"

"पाय आसत मा राजाक?" काशीबाई म्हणाली, आणि तिने पहिली फळी ओढली.

अर्ध्या तासात मंच उघडा. दोन-दोन फळ्या जोडून बोर्डाएवढी रुंदी झाली. नकाशा शाळेत राहिलेला. मी कोळसा घेतला. मापाची टेप माझ्या पर्समध्ये असते, ती सोबत नसली तर मला कपडे नसल्यासारखं वाटतं. चौदा वर्षांत तो हार्नेस माझ्या डोक्यात इतका मुरलाय की मी डोळे मिटले आणि मुख्य रेघ ओढली, मग पहिली फांदी, दुसरी, दिव्यांकडे जाणारी, मग बॅटरीचा फाटा. बायका मागे उभ्या राहून कुठे काय ते सांगत होत्या. मंडपाचे खिळे लांब आणि गंजके, वायर खरवडली असती. मथुराने बांबूच्या बारीक नळ्या कापून खिळ्यांवर बसवल्या. कंपनीतल्या खुंट्यांहून बऱ्या. सूर्य बुडायच्या आत सहा बोर्ड झाले, दोन सकाळी उठून केले. टेप लावून तपासले तर एका फांदीत तीन मिलिमीटरचा फरक. तोही माझाच. उपटून परत मारला.

बाराला अकरा वाजता जितेंद्र सर गाडीतून उतरले. पायांत पांढरे बूट. मालक आले नव्हते.

"मालक फोनवर बघतील," सर म्हणाले. मग माळ बघितला. खोपी, चुली, बांधलेली गुरं, आणि मधोमध आठ फळ्या उभ्या. "हे काय?"

"बोर्ड."

"ड्रॉइंग कुठे आहे?"

"गावात. बंद आहे."

"मग हे मांडलं कशावरून?"

मी डोक्याला बोट लावलं. त्यांनी एका बोर्डाला टेप लावली, दुसऱ्याला लावली. मोबाइलमध्ये फोटो काढले, आधी बोर्डांचे आणि मग माझा.

परीक्षा दोन तास चालली. एकेका बोर्डावर पाच जणी आळीपाळीने. वायर घ्यायची, फिरवायची, टेप, कनेक्टर, आणि तयार हार्नेस टेस्टरला लावायचा. टेस्टर म्हणजे डबा. सगळं बरोबर असलं तर हिरवा दिवा, चुकलं तर लाल. एक कोंबडी कनेक्टरच्या खोक्यात जाऊन बसली, तिला हाकलताना सरांच्या बुटावर जे पडायचं ते पडलं. पोरं शिट्ट्या मारत होती. दर हिरव्या दिव्याला गाव ओरडत होता, जसा कबड्डीत ओरडतो. काशीबाईला वयामुळे बारीक दिसत नाही, तिने वायरींच्या टोकाचे टर्मिनल बोटांनी चाचपून बसवले आणि तिचा दिवा सगळ्यांत आधी हिरवा झाला. चाळिसांपैकी अडतीस जणी पहिल्या फटक्यात. दोघींचा लाल लागला, त्यांनी सोडून परत बांधला, हिरवा.

"काय येणा नाय मा तुका?" मी काशीबाईला म्हटलं.

"काय येणा नाय," ती म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

सरांनी सोलकढी प्यायली, दोन पेले. मग आंब्याच्या झाडाखाली जाऊन बराच वेळ फोनवर बोलले. मी लांबून त्यांच्या पाठीकडे बघत होते. मनात शाळेचा तो वर्ग मी केव्हाच रंगवून टाकला होता. इथे माझं टेबल, इथे टेस्टर, दुपारी घरी जेवायला.

ते आले ते हसत. "विनीता, मालक जाम खूश आहेत. असे हात त्यांनी बघितले नाहीत म्हणाले."

"मग कंपनी कधी येणार?"

"पस्तिशीच्या आतल्या सगळ्यांना घ्यायचं ठरलंय. बावीस तारखेच्या सोमवारी बस येईल. राहायची सोय कंपनी करणार, खोल्या बघितल्यात. तू त्यांची सुपरवायझर. पगार वाढवून देतील."

"खोल्या कुठे?"

"गोव्यात. अजून कुठे?"

"सर, हात जिथे आहेत तिथे कंपनी जाणार होती."

जितेंद्र सर वाईट माणूस नाही. त्यांनी आवाज खाली आणला. "अगं, कंपनीला चाकं लावायची म्हणजे केवढा खटाटोप. हात काय, बसमध्ये बसून येतात. तुमच्या भागातून वर्षानुवर्षं येतायत, तूच नाही का आलीस? मालक म्हणाले, एवढे चांगले हात पाचशे पावलं चालायला सांगितलं की सगळा संसार डोक्यावर घेऊन चालतात, तर गोवा किती लांब?"

"आणि बेळगाव?"

"तिकडेसुद्धा परीक्षाच आहे. तिकडेही बस."

म्हणजे तीन ठिकाणांची यादी कंपनी कुठे न्यायची त्याची नव्हतीच. माणसं कुठून उचलायची त्याची होती. आणि पेंडवण्याचं नाव त्या यादीत मी घातलं, हसत घातलं, नऊ रविवार माझ्या पैशाची एसटी करून घातलं. कोणावर ओरडायचं? मी त्या पांढऱ्या बुटांवर थुंकले नाही एवढंच.

सरांनी बायकांना गोल बसवून सगळं सांगितलं. मग गलका.

"पस्तिशीच्या आत म्हणजे आमी नाय?" मथुरा बेचाळीसची, काशीबाई अठ्ठावन्नची. "बोर्ड आमी केलाव नि जातली ती पोरां?"

"पगार किती?" कोणीतरी विचारलं. सरांनी सांगितला. त्यानंतर गलका हळूहळू थांबला. कशाला खोटं बोलू, तो आकडा ऐकून माझ्यासुद्धा तोंडाला पाणी सुटलं असतं, मी वीस वर्षांची असते तर.

सत्तावीस जणी पस्तिशीच्या आतल्या. तेविसांनी सह्या केल्या. चोविसाव्या जागेवर पेन थांबलं, कारण ती जागा अक्षयाची होती आणि तिच्या मांडीवर तान्हं पोर होतं. पण त्याच्या वर, अकराव्या ओळीत, माझ्याच वळणाचं अक्षर होतं. रिया.

मी तिला खोपीमागे ओढलं. "सही कोणाक इचारून केलंस?"

"तू गेलंस तेवा माका इचारलं हुतस?"

तिने ते भांडायला म्हटलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं, कित्येक वर्षांपासून जवळ ठेवलेली वस्तू परत द्यावी तसं.

"तू पाच वर्षांची हुतंस."

"म्हायत आसा. म्हणान तर इचारतंय." मग डोळे पुसत म्हणाली, "तू सांगी हुतंस मा, हात बरो आसा माझो. मगे हातान काय करू? हंय खंय काम आसा? आणि थंय गेलंय तर निदान तुझ्या वांगडा तरी रवान."

माझ्याबरोबर राहायला पोरगी गोव्याला निघाली होती, आणि मी तिच्याबरोबर राहायला गावाला यायला निघाले होते. नऊ रविवार समोरासमोर उभ्या राहिलो, पण हे एकमेकींना सांगितलं नव्हतं.

चौदाला देवाने परत फिरायचा कौल दिला. व्हाळावर गुरुदासकाकांनी गाऱ्हाणं घातलं. दर वेळी घालतात तेच. गुरांढोरांचं, पोराबाळांचं रक्षण कर, आणि मग ती ओळ, "मुंबयक, गोंयाक, जे कोण पोटाक गेले हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" तेवीस पोरींनीही म्हटलं. मी नाही म्हटलं. चौदा वर्षं त्या ओळीत मी होते, आणि मला सुखी ठेवण्यापलीकडे या गावाने देवाकडे माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं. परत आण म्हणून कोणी म्हणालं नव्हतं. जाणाऱ्यांसाठी तोंडपाठ ओळ आहे. येणाऱ्यांसाठी नाही.

घरं जशीच्या तशी होती. शाळेत आठ बोर्ड जसेच्या तसे, वर थोडी धूळ. शेजारी मी माळावरचे आठ उभे केले. निलेशने गुपचूप आणून दिले, भाडं मागितलं नाही. सोळा बोर्ड झाले. मी गोव्याला गेले नाही. आठ दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. विहिरीवर गेले की कळशी विसरून यायचे. सासू म्हणाली, "बस गो वायच, पायांका चाकां लागली काय तुझ्या?" जानेवारीत कंपनीत नवीन मॉडेल सुरू होणार होतं. त्याचे नकाशे माझ्या फोनवर येऊन पडले होते. खाली सरांचा मेसेज, सोमवारी आलीस की आधी हे मांडायला घे, खूप घाई आहे. तो मेसेज मी दिवसातून वीसदा वाचला. नवीन मॉडेल. बोर्ड नाहीत. मांडणारी एक.

बावीसला सकाळी आठला बस आली. गावात वळायला जागा नाही म्हणून व्हाळाच्या पुलावर थांबली. पोरी बॅगा घेऊन चढल्या. आया, सासवा, नवरे खाली. ड्रायव्हरच्या मागची सीट माझ्यासाठी रिकामी ठेवली होती, तिच्यावर माझ्या नावाचा कागद चिकटवलेला. रिया खिडकीत बसली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी पुलाच्या कठड्यावर बसले आणि फोन लावला.

"सर, बस आलीय. तेवीस जणी बसल्या."

"छान. तू पण बस."

"मी नाही बसत. नवीन मॉडेलचे बोर्ड मी इथे मांडणार. शाळेच्या खोलीत. इथे सतरा जणी आहेत, त्यातल्या मथुरा आणि काशीबाई तुम्ही बघितल्यात. वायर पाठवा, आम्ही हार्नेस बांधून पाठवतो. टेंपो आहे."

"विनीता, असं नसतं चालत."

"मग बोर्ड दुसऱ्या कोणाकडून मांडून घ्या."

"दुसरं कोण आहे?"

"ते मला माहीत नाही सर. तुम्ही माणसांचे साहेब."

"धमकी देतेस?"

"पत्ता देतेय."

मग ते हळू म्हणाले, "अगं बोर्डच नसतील तर या तेवीस जणींना आणून मी करू काय? उभ्या ठेवू?" पलीकडे खुर्ची सरकली. "बस हलवू नका. ड्रायव्हरला सांग. दहा मिनिटांत मालकांशी बोलून फोन करतो."

मी ड्रायव्हरला सांगितलं. तो हुबळीकडचा, त्याला काही कळलं नाही, पण त्याने स्टिअरिंगवरून हात काढले. खिडक्यांमधून तेवीस डोकी बाहेर आली. एका पोरीचा नवरा खालून ओरडला, "काय झाला गो? जावचा हा की नाय?" दुसरी कोणी रडायला लागली. मथुरा पुलाच्या टोकाला उभी होती, तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

रिया खाली उतरली. "आये, तू माझी नोकरी घालवतलंस."

"घालवतंय काय हंय आणतंय ता धा मिनटांनी कळतला."

"नि नको म्हणाले तर?"

"तर तू चढ आणि जा. मी अडवचंय नाय. पण मी येवचंय नाय."

ती कठड्यावर माझ्या शेजारी बसली, मध्ये हातभर जागा सोडून.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. इंजिन घरघरत होतं, पूल पायाखाली थरथरत होता. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, "बंद करू काय बाई?"

"करा," मी म्हटलं.

इंजिन बंद झाल्यावर खालचं पाणी ऐकू यायला लागलं. रियाने वाटेत खायला बांधून घेतलेले घावणे सोडले, एक तोडला, अर्धा माझ्यापुढे धरला. मी डाव्या हाताने घेतला. उजव्या हातात फोन होता. अजून वाजला नव्हता.